येण्याजाण्याचे भाडे

रविवार, २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटे

गॅलरीत स्टुलावर बसून पगाराच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावत होतो, तेव्हा ही वही सुरू करावी असे वाटले. एप्रिल २०२४ ते जुलै २०२५, सोळा चिठ्ठ्या. एकही गहाळ नाही. कारखान्यातले बाकीचे लोक त्या चुरगाळून खिशात कोंबतात. मी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो.

आज त्या बाहेर काढल्या त्याचे कारण असे. रुचाच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात मी तिच्यावर अवलंबून असलेला म्हणून आहे. जपानमध्ये विम्याशिवाय राहता येत नाही, तसा कायदाच आहे. नवरा किंवा बायको थोडेच कमावत असेल तर जोडीदाराच्या विम्यात हप्ता न भरता राहता येते, पण कमाई वर्षाला तेरा लाख येनच्या आत हवी. म्हणजे महिन्याला १,०८,३३३. दरवर्षी विमा मंडळ तपासणीचा फॉर्म पाठवते. यंदाचा गुरुवारी आला. मी तो आधी पेन्सिलीने भरला, मग शाईने गिरवला.

रुचा चहा पिता पिता म्हणाली, "तीनच महिन्यांच्या मागितल्यात ना चिठ्ठ्या?"

"हो. पण सगळ्याच जोडतो. त्यांना शंका नको."

"शंका कुणाला आलीय?"

"येऊ नये म्हणूनच."

तिला टोकियोच्या मीटिंगची तयारी करायची होती. फॉर्मवर सही तिची, कारण कर्मचारी ती. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यातही तिचेच नाव. डिसेंबर २०२२ मध्ये कोबेत आलो तेव्हा वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी विचारले होते, प्रमुख कोण? रुचा माझ्याकडे बघून म्हणाली, "कमावणाऱ्याचं लिहायचं असेल ना?" मी मान हलवली. आईला हे अजून सांगितलेले नाही.

लिफाफा पन्नास ग्रॅमच्या वर भरला. जादा तिकीट लावून स्वतः पेटीत टाकून आलो.

रविवार, ३१ ऑगस्ट

मराठी मंडळाचा गणपती झाला. हॉल पाच वाजेपर्यंतच भाड्याने होता. जाताना कचरा चार पिशव्यांत वेगळा करून आपापल्या घरी न्यायचा, म्हणून मोदकांची पाने आमच्याकडे आली आहेत.

यंदा आरतीनंतर वादविवाद ठेवला होता. विषय: "आरोग्य विमा सक्तीचा असावा का, आणि न भरणाऱ्यास दंड असावा का?" जुलैच्या निवडणुकीपासून टीव्हीवर तेच चालू आहे. परदेशी लोक विम्याचे हप्ते बुडवतात, थकबाकी असेल त्याचा व्हिसा वाढवू नका, वगैरे. त्यामुळे हॉल भरला होता. फलकावर 'विरूद्ध' लिहिले होते, ते मी 'विरुद्ध' करून घेतले.

विरुद्ध बाजूने अंबरीष बोलला. तो बँकेत आहे, इथे सहा वर्षे झाली.

"मी महिन्याला पंचेचाळीस हजार येन देतो," तो म्हणाला. "सहा वर्षांत एकदा दाढ दुखली. हा विमा नाही हो, खंडणी आहे!"

"दाढ सोन्याची करून घ्यायची मग!" मागून शमाताई ओरडल्या. सगळे हसले.

मी बाजूने बोललो. लिहून नेलेले होते, पण कागद बघावा लागला नाही. माझ्या वडिलांचे, अण्णांचे सांगितले. २०१४ साली मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा अण्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. एकोणीस दिवस डोंबिवलीच्या हॉस्पिटलात होते. त्यात आमचे फोटो-फ्रेमचे दुकान गेले, माझी फी गेली आणि विसाव्या दिवशी अण्णाही गेले. "विमा सक्तीचा असता तर अण्णांनी सरकारला शिव्या देत भरला असता," मी म्हणालो, "पण भरला असता." मग यंदाच्या फेब्रुवारीतले माझे हर्नियाचे ऑपरेशन सांगितले. बिल चार लाख वीस हजार, मी भरले एक लाख सव्वीस हजार. "बाकीचे कुणी भरले? अंबरीषच्या न दुखलेल्या दाढांनी भरले!"

टाळ्या पडल्या. अंबरीष उभा राहिला. "बरं. आणि दंड? चुकून राहून गेलं एखाद्याचं तर?"

"चुकून कसं राहील? कागद घरी येतो. वाचायचा असतो. ज्याला कागद वाचायचा कंटाळा, त्याने दंड भरावा."

सगळ्यात जास्त टाळ्या याला पडल्या. पहिले बक्षीस मला मिळाले, स्टीलचा थर्मास. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो.

रुचा तेव्हा बाहेर फोनवर होती, पण शेवटचे तिने ऐकले. परतताना ट्रेनमध्ये म्हणाली, "छान बोललास. अण्णांचं सगळ्यांसमोर कशाला काढलंस पण?"

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा 'भिंत' निघाली. आमच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालतात. घड्यांच्या टेबलावर मी सोडून सगळ्या बायका आहेत आणि सगळ्या नवऱ्याच्या विम्यात आहेत. त्या तेरा लाखांच्या मर्यादेला त्या 'काबे' म्हणतात, म्हणजे भिंत. भिंतीच्या आत राहायचे, बाहेर पडलो की स्वतःचा हप्ता स्वतः भरायचा.

"टीव्हीवर एक म्हणतो भिंत उंच करू, दुसरा म्हणतो पाडून टाकू," मोरी-सान म्हणाल्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. मला काम त्यांनीच शिकवले. "पाडली तर माझ्या पगारातून हप्ता जाणार. उंच केली तर आमचे हे म्हणणार, अजून तास कर. मला आहे तीच बरी."

१,०८,३३३ हा आकडासुद्धा मोरी-साननीच मला पहिल्या आठवड्यात हातावर बोटाने लिहून दिला होता. गेल्या ऑक्टोबरात तासाचा दर १,०१० वरून १,०६० झाला, तेव्हा त्यांनी तोंड वाकडे करून दोन दिवस कमी करून घेतले. मी मात्र मॅनेजरना मिठाईचा डबा नेऊन दिला होता.

"तू तास कमी नाही ना केलेस तेव्हा?" त्यांनी आज विचारले.

मी वही दाखवली. सोळा दिवस, रोज सहा तास, म्हणजे ९६ तास. ९६ गुणिले १,०६० म्हणजे १,०१,७६०. त्यांनी मोबाईलवर गुणाकार करून पाहिला आणि अंगठा वर केला. "आत आहेस."

सुटल्यावर त्या सायकलने घरी जातात, बारा मिनिटांत. मला दोन गाड्या बदलाव्या लागतात. जाऊन येऊन सातशे येन पडतात, ते कंपनी पगाराबरोबर देते. ती काही माझी कमाई नव्हे, हातात येते आणि रेल्वेला जाते. म्हणून मी ते वेगळ्या पानावर लिहितो.

शनिवार, २० सप्टेंबर

रुचाच्या बाबांचा फोन. रुचाने नेहमीप्रमाणे आधी मला दिला.

"काय यतीनराव, चादरी काय म्हणतात?"

"ठीक आहेत बाबा."

"घड्या नीट घाला हो. जपानी लोक फार काटेकोर. द्या रुचाला."

रुचा फोन घेऊन गॅलरीत गेली आणि काच लावून घेतली. चाळीस मिनिटे बोलली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुपारी साडेतीन वाजता पत्र आले. रुचा मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत टोकियोत आहे. सरकारी आणि विम्याची पाकिटे मी फोडायची, असे आमच्या घरात ठरलेले आहे.

आधी वाटले माझे भाषांतर चुकते आहे. दोनदा मोबाईलवर, एकदा शब्दकोशातून पाहिले. विमा मंडळ म्हणते, कमाईत येण्याजाण्याचे भाडे धरतात. करासाठी धरत नाहीत, विम्यासाठी धरतात.

१,०१,७६० अधिक ११,२००. एकूण १,१२,९६०. म्हणजे ४,६२७ येनने मी भिंतीच्या बाहेर, आणि तेही १ ऑक्टोबर २०२४ पासून. त्या तारखेपासून माझे नाव विम्यातून काढले आहे. त्यानंतर मंडळाने माझ्यासाठी जे दवाखान्याला भरले ते परत करायचे. ऑपरेशनचे २,९४,००० आणि किरकोळ २३,८००.

दर वाढला नसता तर ९६,९६० अधिक ११,२००, म्हणजे १,०८,१६०. एकशे त्र्याहत्तर येनने आत होतो.

मे ते जुलै कारखान्यातली दोन यंत्रे बंद होती, तेरा-तेरा दिवसच काम मिळाले. फॉर्ममध्ये मागितलेल्या त्याच तीन चिठ्ठ्यांत भाडे धरूनही महिन्याला ९१,७८० होतात. हे नोंद म्हणून लिहिले.

पत्रासोबत विम्यातून नाव काढल्याचा दाखला आहे. तो वॉर्ड ऑफिसात देऊन चौदा दिवसांत सरकारी विम्यात नाव घालायचे. पण तसे केले तर मी चूक कबूल केली असे होईल. त्याआधी विमा मंडळाला विनंती-अर्ज करावा हे बरे. अर्ज विचाराधीन असताना मुदत मोजत नाहीत, डिप्लोमाच्या फीच्या वेळी कॉलेजात तसेच होते. अर्ज जपानीत, हाताने, एकही चूक नसलेला हवा. रुचाला शुक्रवारी सांगेन.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सांगितले नाही.

रुचा आली ती निळी फाईल घेऊनच. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले. कंपनीने तिला पाठवलेले आहे ते मार्चपर्यंत, त्यानंतर मुंबईला परत जायचे. त्याआधी कायमचे राहण्याचा परवाना मिळाला तर ती इथलीच नोकरी धरू शकते, कोणाच्या पाठवण्यावर अवलंबून राहायला नको. अर्ज जानेवारीत करायचा.

"मला परत त्या अंधेरीच्या ऑफिसात नाही जायचं, यतीन," ती म्हणाली. "इथे मी रात्री एकटी डोंगरावरच्या रस्त्याने चालत येते. कुणी बघत नाही. त्याची किंमत तुला नाही कळणार."

मी म्हणालो, कळते.

"दोन वर्षांचा कर, पेन्शन, विमा. एक हप्तासुद्धा उशिरा गेलेला चालत नाही. सगळ्या घराचं बघतात." तिने माझ्या फाईलवर टिचकी मारली. "त्या बाबतीत मात्र मी नशीबवान आहे. तू आहेस."

तीन वर्षांत तिने माझ्याविषयी एवढे चांगले पहिल्यांदाच म्हटले असेल. मी भाजी गरम करायला उठलो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

अर्जाचा तिसरा कच्चा मसुदा. 'निष्काळजीपणा' हा शब्द घालावा की 'अज्ञान', ठरत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

पाचवा. शेवटच्या ओळीत शाई पसरली. पुन्हा लिहिणार.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सातवा मसुदा मोरी-सानना वाचायला दिला. त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा लावला.

"काय सुंदर अक्षर. माझ्या मुलाचंसुद्धा असं नाही." मग वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. "भाडं धरतात?"

"हो."

"मी सायकलने येते. मला भाडं मिळतच नाही." त्यांनी चष्मा काढला. "मला माहीतच नव्हतं. मी तुला आत आहेस म्हणाले."

त्या उठून माझ्यापुढे पार कमरेत वाकल्या. सगळे बघायला लागले, म्हणून मीही उठून वाकलो. मग त्यांनी पाकिटावरची तारीख बघितली. "वॉर्ड ऑफिसला जाऊन आलास ना?"

"अर्जाचं उत्तर आलं की जाणार."

"अजून गेला नाहीस?" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मॅनेजर खोलीतून बाहेर आले. "अर्ज राहू दे! उद्या सकाळी जा. मी तुझ्या घड्या घालते."

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

साडेआठला दार उघडायच्या आधी जाऊन उभा होतो. खिडकीवर एक तरुण कारकून होता, माझ्याच वयाचा, फार नम्र. त्याने दाखला पाहिला आणि टेबलावरचे कॅलेंडर पुढे ओढले.

"हे पत्र आपल्याला कधी मिळालं?"

"पंधरा ऑक्टोबर. दुपारी साडेतीन."

त्याला बहुधा नीट ऐकू गेले नसावे, कारण त्याने पुन्हा विचारले, अगदी हळू. "नक्की पंधरा? काल-परवा नाही ना मिळालं? कधी कधी पत्रं पेटीत पडून राहतात."

"नाही, मी पेटी रोज पाहतो," मी म्हणालो, आणि त्याला पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का दाखवला. माझ्या वहीतली नोंदही दाखवली.

तो वहीकडे बघत राहिला. मग उठून आत साहेबांकडे गेला आणि बऱ्याच वेळाने आला. कळल्यापासून चौदा दिवसांत आलो असतो तर जुन्या उपचारांचा खर्च सरकारी विम्यातून मिळण्याचा विचार करता आला असता. आता सोळा दिवस झाले. हप्ते गेल्या ऑक्टोबरपासूनचे सगळे भरायचे, पण त्या काळातले ऑपरेशन धरायचे नाही.

"म्हणजे त्या वर्षाचा विमा मी भरायचा, पण त्या वर्षी मला विमा नव्हता?"

"माफ करा," तो म्हणाला.

मी म्हटले, नियम आहे, माफी कशाला. मग त्याने सरकारी विम्यात माझे नाव घातले. बिल कुटुंबप्रमुखाच्या नावाने येईल म्हणाला. मी विनंती केली की माझ्या नावाने पाठवा, चूक माझी आहे. तो म्हणाला, हिशेब तुमचा, पण भरण्याची जबाबदारी प्रमुखाची, छापून तसेच येते.

सातवा मसुदा घरी आणून फाईलमध्ये लावला आहे. पाठवायचा राहिला.

सोमवार, १० नोव्हेंबर

रुचा आज घरून काम करत होती. पोस्टमन आला तेव्हा मी भात लावत होतो. पाकिटावर तिचे नाव होते, म्हणून तिने फोडले. चौदा महिन्यांचे ९६,६०० येन, आणि प्रत्येक हप्त्यापुढे त्याची उलटून गेलेली तारीख.

मी कुकर बंद केला आणि सगळे सांगितले. भाडे, सोळा चिठ्ठ्या, पत्र, सात मसुदे, कारकून. तारखांसह सांगितले. तिच्या लॅपटॉपवर मीटिंग चालू होती, तिने आवाज बंद केला होता पण चेहरे दिसत होते.

"तीन मागितल्या होत्या ना, यतीन?" शेवटी ती एवढेच म्हणाली.

"हो."

"सतरा तारखेला मी इथे, ह्या खुर्चीत बसले होते."

"मला आधी सगळं नीट करून मग सांगायचं होतं."

"एक फोन केला असता मी. एक. मला जपानी येतं, यतीन. तुला माहिती आहे ना, मला येतं?"

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने लॅपटॉप उचलला आणि झोपायच्या खोलीत जाऊन मीटिंग पुढे सुरू केली. मी दुपारी बँकेत जाऊन साठ हजार भरले, माझे होते तेवढे. बाकी तिने रात्री मोबाईलवरून भरले. बिलावरचा कोड माझ्याकडून वाचून घेतला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

व्हिसाच्या कागदांचा सल्लागार आज व्हिडिओवर बोलला. जपानी आहे, इंग्रजी चांगले. आता अर्ज केला तर नाकारला जाईल, म्हणाला. सगळे भरून झाल्यावर दोन वर्षे एकही उशीर न करता काढा, मग या. विशेषतः सध्या, परदेशी लोकांच्या थकबाकीवरून एवढी चर्चा चालू असताना.

मी विचारले, "मुद्दाम केलेलं नाही, हे पत्र लिहून कळवता येईल का?"

"मुद्दाम केलं का, हा रकाना फॉर्ममध्ये नाही," तो म्हणाला. सभ्य माणूस आहे.

रुचाने मग स्वतःच दुसरा मार्ग काढला. टोकियोतल्या एका कंपनीने तिला विचारलेले आहे, ती कंपनी नवा व्हिसा करून देईल, राहायला एक खोलीही देते. सप्टेंबरातच विचारले होते म्हणे. मला माहीत नव्हते.

"खोली केवढी आहे?" मी विचारले.

"एकट्यापुरती."

"मी गादी दिवसा उभी करून ठेवीन."

ती खिडकीतून बंदराकडे बघत होती. "तू थोडे दिवस आईंकडे जाऊन ये. माझं इकडचं एकदा मार्गी लागू दे. मग बघू."

बरोबर आहे तिचे. मी तिच्या घरात नसेन तर माझ्यामुळे तिच्या कागदांत पुन्हा काही होणार नाही. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. किती दिवस, ते विचारायचे राहिले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अंबरीषचा फोन. मंडळाच्या दिवाळी अंकाला उशीर झाला आहे, त्यात माझे भाषण छापायचे आहे.

"काय सॉलिड बोलला होतास यार. माझ्या बँकेतसुद्धा मी तुझा तो डायलॉग सांगतो. ज्याला कागद वाचायचा कंटाळा, त्याने दंड भरावा!"

"पाठवतो."

संध्याकाळी मजकूर काढून वाचला. काही बदलावे का, याचा दोन तास विचार केला. अण्णांचे खरे आहे. ऑपरेशनचेही खरे आहे, फक्त आता ते बिल सगळे आमचेच झाले. विमा सक्तीचा हवा, हे मला आजही पटते. दंड नसेल तर कोण भरेल? दंडाचे ते वाक्य खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी एक स्वल्पविराम घालून तसेच पाठवले. खाली लिहिले, नाव घालू नये.

त्याचा लगेच मेसेज आला: "का रे? एवढा विनय?"

शुक्रवार, ५ डिसेंबर

कारखान्यातला शेवटचा दिवस. टेबलावर मी आणि एक नवी मुलगी, दोघेच. बाकीच्या बायकांची वर्षाची भिंत जवळ आली, म्हणून डिसेंबरात त्या येत नाहीत. चादरींचे ढीग मात्र हॉटेलांच्या गर्दीमुळे छताला लागले होते. मॅनेजर म्हणाले, यतीन-सान, तुला आता भिंत नाही, दोन तास जास्त थांबशील? थांबलो.

मोरी-सान काम नसतानाही सायकलने आल्या. त्यांना चहाची पुडी दिली. त्यांनी मला एक घडी केलेली चादर दिली, कारखान्यातून बाद झालेली, एका कोपऱ्याला पिवळा डाग असलेली. "परत आलास की ह्याच टेबलावर," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला कळेना, थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या माणसासाठी एवढे कशाला.

गुरुवार, १८ डिसेंबर

वॉर्ड ऑफिसात देश सोडण्याची नोंद केली. तोच कारकून होता. त्याने मला ओळखले आणि उभा राहिला. या वेळी मुदतीच्या आत आलो आहे, असे मी त्याला सांगितले.

फॉर्ममध्ये 'परतण्याची अपेक्षित तारीख' असा रकाना होता. मी रुचाकडे पाहिले. ती मोबाईलवर टोकियोच्या खोलीचे काहीतरी बघत होती.

"कोरा ठेवला तरी चालतो," कारकून म्हणाला.

मी आजवर कोणत्याही फॉर्मचा रकाना कोरा ठेवलेला नाही. हा ठेवला.

रुचाला नव्या कंपनीसाठी घराचा दाखला हवा होता. तो लगेच छापून मिळाला, तीनशे येन. मी तपासला. कुटुंबप्रमुख: रुचा. नाव बरोबर लिहिले आहे, जन्मतारीख बरोबर. घरातल्या माणसांची संख्या: एक. खाली कागद पुष्कळ कोरा होता.

घरी येऊन रुचाने माझी बॅग भरायला मदत केली. थंडीचे कपडे भरले, मग उन्हाळ्याचेही भरले. शब्दकोश, बुटांची दुसरी जोडी, थर्मास. मी म्हटले, हे राहू दे, परत आल्यावर लागेल.

"ने," ती म्हणाली. "इथे जागा नाहीये."

वजन बावीस किलो आठशे. तेवीसच्या आत आहे.

शनिवार, २० डिसेंबर २०२५, दुपारी १ वाजून ४० मिनिटे

विमानतळाच्या बसला अजून पन्नास मिनिटे आहेत. रुचा खोलीच्या चाव्या घ्यायला सकाळीच टोकियोला गेली. जाताना दारात थांबली, माझ्या स्वेटरवरचा दोरा काढला आणि म्हणाली, "पोचलास की मेसेज कर." गॅस बंद केला, तिन्ही प्रकारचा कचरा आपापल्या दिवशी गेला आहे. पगाराच्या एकवीस चिठ्ठ्या तिच्या निळ्या फाईलमध्ये लावून ठेवल्या, लागल्या तर असाव्यात. हिशेब इथेच पूर्ण करतो.

माझ्या पैशातून खर्च:
विम्याचे हप्ते, ६०,०००
चिठ्ठ्यांचे पोस्ट, १८०
मोरी-सानचा चहा, १,०८०
घराचा दाखला, ३००
एकूण ६१,५६० येन

रुचाचे माझ्याकडे:
विमा मंडळाला परत केलेले, ३,१७,८००
हप्त्यांपैकी तिने भरलेले, ३६,६००
विमानाचे तिकीट, एकेरी, ४७,३००
एकूण ४,०१,७०० येन

काल तिला विचारले, हे केव्हापर्यंत फेडू? ती म्हणाली, राहू दे. 'राहू दे' कोणत्या रकान्यात लिहायचे ते माहीत नाही, म्हणून रक्कम तशीच ठेवली आहे.

माझे रुचाकडे:
काही नाही. दोनदा तपासले.